पुस्तकाचं तोंड

मुखपृष्ठ या शब्दात मुख आहे. आणि मुख म्हटलं की आपला जुना हिशोब आठवतो. मुखातून कोण जन्मला आणि पायांतून कोण, हे पुरुषसूक्तानं सांगून ठेवलंय. पायांतून जन्मलेल्याला तोंड असण्याचं कारणच नव्हतं. त्यानं ऐकायचं नाही, वाचायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. म्हणून बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला पहिलं पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'मूकनायक'. मग 1927 साली 'बहिष्कृत भारत'. 1930 साली 'जनता'. 1956 साली 'प्रबुद्ध भारत'. ही चार नावं एकाखाली एक लिहून बघा. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समाजाचं तोंड कसं बदलत गेलं ते चार मथळ्यांत दिसतं. त्या पत्रांना रंगीत चित्राचं मुखपृष्ठ नव्हतं. मथळा हेच तोंड. 'मूकनायक'च्या मथळ्याशी तुकोबा होते, 'बहिष्कृत भारत'च्या मथळ्याशी ज्ञानेश्वरी होती. म्हणजे आपलं तोंड पहिल्यांदा उघडताना बाबासाहेबांनी शेजारी कुणाला उभं करायचं याचाही विचार केला होता.

पुस्तकाचं तोंड कोण काढतं, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, कविता लिहितो. वाचन पाळीच्या आधी नाहीतर नंतर, जसं जमेल तसं. हा विषय डोक्यात घुसला त्याला कारण आहे. माझ्या मित्राचा पहिला कवितासंग्रह निघतोय आणि त्याचं मुखपृष्ठ मी करतोय. तो माझ्याच खात्यात आहे, दुसऱ्या पाळीला. चित्रकलेची परीक्षा मी दिलेली नाही. वस्तीत जयंतीचे फलक रंगवतो, तेवढा हात आहे. काम अंगावर घेतलं तेव्हा मनात आलं, याआधी हे कुणी केलंय का? आपल्यासारख्या माणसानं आपल्यासारख्याच्या पुस्तकाचं तोंड काढलंय का? काढलं तर काय बघून काढलं?

मराठी पुस्तकाचं तोंड बरीच वर्षं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या हातून रंगलं. दलाल 1916 ते 1971, मुळगावकर 1918 ते 1976. त्यांच्या रेघेला तोड नाही, हे मी फलक रंगवणारा माणूस म्हणून सांगतो. दिवाळी अंकांवरच्या त्यांच्या बायका रद्दीच्या दुकानात अजून सापडतात. दागिने, जरीचा पदर, हातात दिवा. मी त्या पुष्कळ पाहिल्या. त्यांत माझी आई मला सापडली नाही. मग आपली पुस्तकं आली. 1963 साली बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', 1972 साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा', 1978 साली दया पवारांचं 'बलुतं'. आतला मजकूर आपला. त्यामागून ढीगभर पुस्तकं निघाली. माझ्या फळीवर जी आहेत त्यांची तोंडं मी एकदा ओळीनं मांडून पाहिली. तडा गेलेली जमीन. झोपडी. पाठमोरी बाई. साखळी तोडणारी मूठ. माणसाचा चेहरा फार थोड्या पुस्तकांवर. आत माणूस नावागावासकट बोलतोय आणि बाहेर त्याची पाठ दिसतेय. हे कसं?

याचं उत्तर शोधत मी अमेरिकेपर्यंत गेलो. वाट माझी नव्हे, जोतीबांची. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला स्वतःची झीज सोसली. पुण्यात छापलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानानं समुद्रापलीकडे हात केला होता. पुढे बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला लागून हार्लेम आहे. तीच ही काळ्यांची वस्ती. 1946 साली बाबासाहेबांनी डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं, त्यांनी उत्तर दिलं. तेव्हा हार्लेम आपल्याला परकं नाही.

त्या काळात तिकडे काळ्या माणसाचं तोंड कोण काढत होतं? गोरे. जाहिरातीत, गाण्यांच्या चोपड्यांच्या वेष्टनावर, नाटकाच्या फलकावर. जाड लोंबते ओठ, वटारलेले डोळे, दात दाखवून हसणारा येडा. माणसाला हसण्यावारी नेलं की त्याला राबवायला सोपं जातं. 

मार्च 1925 मध्ये 'सर्व्हे ग्राफिक' मासिकाचा हार्लेमवर खास अंक निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर रोलँड हेज या काळ्या गायकाचा चेहरा होता. गंभीर, स्वतःत बुडालेला, माणसाचा चेहरा. काढला होता विनोल्ड राइस या जर्मनीहून आलेल्या गोऱ्या चित्रकारानं. म्हणजे परक्यानं काढलं की वाईटच, असं माझं म्हणणं नाही. परका जर नीट बघेल तर नीट काढेल. पण पुढची गोष्ट ऐका. तो अंक कॅन्सस सिटीतल्या एका शाळामास्तरच्या हातात पडला. त्याचं नाव एरन डग्लस. जन्म 1899, टोपिका गावचा. शाळा संपल्यावर 1917 साली तो डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात राबला होता आणि त्याच दिवसांत तिथल्या संग्रहालयातल्या फुकट चित्रकला वर्गाला जात होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसलो. कारखाना सुटल्यावर चित्र काढायला लागणारं मनगट काय असतं ते मला माहीत आहे.

डग्लसनं ते मुखपृष्ठ पाहिलं, शाळेची नोकरी सोडली आणि 1925 सालीच हार्लेम गाठलं. राइसनं त्याला शिकवलं आणि सांगितलं, आफ्रिकेची कला बघ, ती तुझी आहे. डु बॉइसनं त्याला 'क्रायसिस' या आपल्या मासिकात टपाल खात्यात काम दिलं आणि त्याची चित्रंही छापली. डग्लसनं आफ्रिकेतले मुखवटे पाहिले. आयव्हरी कोस्टकडच्या दान लोकांच्या मुखवट्याला डोळ्याच्या जागी नुसती फट असते. ती फट त्यानं उचलली. इजिप्तच्या भिंतीवरची माणसं जशी बाजूनं दिसतात तशी माणसं उचलली. सपाट काळे आकार, आत बारकावे नाहीत, डोळ्याला एक चीर. त्या चेहऱ्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. जाड ओठांची टिंगल करणाऱ्याला त्यात पकडायला काहीच मिळेना.

डिसेंबर 1925 मध्ये त्यानं आपला मित्र लँगस्टन ह्यूज या कवीला पत्र लिहिलं. मतलब असा, की गोऱ्यांच्याच कलेला काळा रंग फासून आपलं काम भागणार नाही, आपल्याला आपला काळ घडवावा लागेल. दोघंही पंचविशीच्या आसपासचे. पुढच्या वर्षी 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकात ह्यूजच्या कविता आणि डग्लसची चित्रं जोडीनं आली.

आणि त्याच 1926 सालच्या नोव्हेंबरात निघालं 'फायर'. आपल्या भाषेत आग. पुढे दोन उद्गारचिन्हं. हे वाचून आपल्यातल्या प्रत्येक लघुनियतकालिकवाल्याला घरचा वास येईल. सात जण जमले. वॉलेस थर्मन संपादक. ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट, ब्रूस न्यूजंट, जॉन डेव्हिस आणि डग्लस. ठरलं की प्रत्येकानं पन्नास डॉलर घालायचे. घातले फक्त तिघांनी. किंमत ठेवली एक डॉलर. छपाईचा खर्च हजाराच्या घरात गेला आणि तो थर्मन पुढे कित्येक वर्षं पगारातून फेडत राहिला. जुन्या प्रतिष्ठित काळ्या मंडळींना अंक आवडला नाही. बाल्टिमोरच्या काळ्यांच्याच वर्तमानपत्रातल्या एकानं लिहिलं, हा अंक मी आगीत टाकला. पुढे उरलेले गठ्ठे एका तळघरात ठेवले होते, तिथे खरोखर आग लागली आणि गठ्ठे जळाले. दुसरा अंक निघालाच नाही.

पण मुखपृष्ठ राहिलं. काळा आणि तांबडा, दोनच रंग. बाजूनं दिसणारा आफ्रिकी माणसाचा मोठा चेहरा, त्याच आकारात बसवलेला इजिप्तचा स्फिंक्स. हजारो वर्षं वाळूत बसून सगळ्यांना पुरून उरलेला तो सिंहदेही माणूस डग्लसनं आपल्या दोस्तांच्या अंकाच्या तोंडावर बसवला. आम्ही काल आलो नाही, एवढंच ते चित्र सांगतं. ना साखळी, ना आसवं.

पुढे त्यानं दोस्तांच्या आणि ओळखीच्यांच्या पुस्तकांची वेष्टनं केली. 1927 साली जेम्स वेल्डन जॉन्सनच्या 'गॉड्स ट्रॉम्बोन्स'साठी आठ चित्रं. 1928 साली क्लॉड मॅकेची कादंबरी 'होम टू हार्लेम'. ही कादंबरी डु बॉइसना अजिबात रुचली नाही, त्यांनी तसं खरमरीत लिहिलं. डग्लस त्यांच्याच मासिकाला चित्रं देणारा माणूस, पण या पुस्तकाचं तोंड त्यानंच काढलं होतं. 1929 साली थर्मनची 'द ब्लॅकर द बेरी'. काळ्यांतल्या काळ्यांतही रंगावरून जी उच्चनीच चालते तिच्यावरची ही कादंबरी. आपल्यात पोटजातीवर लिहिलं की जशी तोंडं वाकडी होतात तशी तिच्यावरही झाली. दोस्तानं दोस्ताची बाजू मुखपृष्ठावर घेतली. 1979 साली डग्लस वारला, तोवर त्यानं फिस्क विद्यापीठात काळ्या पोरांच्या पिढ्या चित्रकलेत घडवल्या होत्या.

दुसरा एक डग्लस आहे, एमरी डग्लस. नातं नाही, आडनाव एक. 1966 साली ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. 25 एप्रिल 1967 ला तिच्या पत्राचा पहिला अंक निघाला तो चार पानांचा आणि चक्क सायक्लोस्टाइल केलेला. बॉबी सील टाइपरायटर आणि मार्कर घेऊन तो जुळवत बसलेला असताना एमरीनं पाहिलं आणि म्हणाला, मी यात मदत करतो. त्याला छपाई कुठे कळली होती? बालगुन्हेगारांच्या कोठडीतल्या छापखान्यात. मग तो कॉलेजात जाहिरातीचं चित्रकाम शिकला आणि ते शिकलेलं सगळं त्यानं आपल्या पत्राला दिलं. जाड काळी रेघ आणि जोडीला एखादा रंग. कारण जादा रंगाला जादा पैसा. त्याच्या चित्रात फाटक्या कपड्यातली म्हातारी असते, पण ती हात पसरून उभी नसते. हेच पँथरचं नाव घेऊन 1972 साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली.

घराजवळचंही एक उदाहरण सांगतो. 1976 साली मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' काढलं, स्वतःची इंग्रजी कवितांची पुस्तकं स्वतःच छापायला. मुखपृष्ठं कोलटकरांची. ते जाहिरातीच्या धंद्यातले नावाजलेले कलाकार होते. प्रकाशक दारात उभा करत नव्हता म्हणून कवी कवीच्या पाठीशी उभा राहिला. त्यांची दुनिया वेगळी, शिक्षण वेगळं. पण गोष्ट तीच आहे. मित्राला मजकूर आधीपासून ठाऊक असतो. पोटासाठी मुखपृष्ठ करणाऱ्या माणसाला चार ओळींचा सारांश मिळतो. 'दलित कविता' एवढं सांगितलं की तो मूठ काढून देतो. त्याचाही दोष नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी तीन करायची असतात.

आता माझ्या मित्राच्या पुस्तकाकडे येतो. छापणाऱ्यानं आम्हाला कॉम्प्युटरवर तयार चित्रं दाखवली. मूठ आहे, साखळी आहे, उगवता सूर्य आहे, मागं निळा रंग आहे. निवडा. मित्र निवडायच्या बेतात होता. मी नको म्हणालो. तो चिडला.

"अरे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किती पुस्तकं मांडलेली असतात. गर्दीतला माणूस लांबून रंग बघून थांबतो. त्याला कळायला नको का हे आपलं पुस्तक आहे?"

"थांबेल की. पण तुझ्याच पुस्तकापाशी कशाला थांबेल? शेजारच्यावर पण तीच मूठ हाय."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. निळा रंग म्हणजे आपली खूण, ती पुसायला मी कोण? पण त्याच्या पुस्तकात एक कविता आहे, त्याच्या आजोबावरची. तिच्यात मूठही नाही आणि साखळीही नाही. धोटा आहे.

धोट्याचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावर विणताना धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायचं तोंडानं. भोकाला ओठ लावून श्वास ओढला की धागा बाहेर येतो. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणाई खातं अस्पृश्यांना बंद होतं. सवर्ण कामगार म्हणायचे, विटाळ होतो. विणाई खात्यात मजुरी जास्त, रिंग खात्यात कमी. आपली माणसं रिंग खात्यात. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड मांडला. कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांच्या खात्यात धोटा मात्र एक होत नव्हता. मित्राचा आजोबा पुढच्या पिढीतला. त्यानंही सारी उमर रिंग खात्यात काढली आणि 1982 च्या संपानंतर तो गावी परतला. त्याच्या बापाला विणाई खात्याच्या दारातून हटकलं होतं, ते तो नातवाला सांगत राहिला. नातवानं कविता केली.

मी चित्र काढलं ते असं. बाजूनं दिसणारा म्हाताऱ्याचा काळा सपाट चेहरा. डग्लसकडून घेतलं म्हणा, मला त्याची लाज नाही. म्हाताऱ्याचे ओठ धोट्याला लागलेले. जे करायला त्याच्या बापाला बंदी होती तेच तो करतोय. धोट्यातून निघालेला धागा निळा. तो पानभर फिरतो आणि त्याचंच पुस्तकाचं नाव होतं. दोन रंग, दोन स्क्रीन. लग्नपत्रिका छापणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे रात्री छापायचं.

मित्रानं पाहिलं. आधी म्हणाला, "हा बासरी वाजवतोय असं वाटेल गड्या. लोक म्हणतील किसन हाय." बरोबर होतं त्याचं. मग मी धोट्याची दोन्ही लोखंडी टोकं अणकुचीदार केली, मधली पोकळी उघडी दाखवली, आत कांडी बसवली. आता गिरणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि ज्यानं धोटा पाहिला नाही तो विचारेल, हे काय आहे? तेवढं विचारायला तो थांबला तरी पुस्तकाच्या तोंडाचं काम झालं. नंतर मित्रानं विचारलं, निळा कुठाय? मी म्हणालो, धाग्यात. तो हसला. चित्र ठरलं.

हे चित्र या अंकात देता येत नाही. स्टेन्सिलवर सुईनं रेघ निघते, पण काळा पट्टा भरायला गेलं की मेण फाटतं आणि शाई बाहेर फुटते. ज्याला त्याला आपल्या यंत्राची अक्कल लागते. एमरीला दुसऱ्या रंगाचा खर्च मोजावा लागला म्हणून त्याची रेघ जाड झाली. आपल्याकडे पैसा नाही, हे रडगाणं मी फार ऐकलंय. 'फायर'कडेही पैसा नव्हता.

मित्रांनो, आपल्यात मथळे रंगवणारे आहेत. गणपतीचे, लग्नाचे, निवडणुकीचे फलक रंगवून पोट भरणारे आहेत. गोधडीवर नक्षी घालणाऱ्या आया आहेत. ट्रकच्या मागे वाघ काढणारे आहेत. ही माणसं आपल्या कवींच्या घरापासून चार घरं पलीकडे राहतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. कवी शहरात प्रकाशक शोधतो, प्रकाशक कॉम्प्युटरवर मूठ शोधतो. यापुढे पुस्तक काढणाऱ्यानं हस्तलिखित आधी या माणसांपैकी एकाला द्यावं. त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावं. तो काय काढतो ते बघावं. पटलं नाही तर भांडावं, भांडून पुन्हा काढून घ्यावं. आणि आतल्या पानावर त्याचं नाव कवीच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात छापावं, कारण तोंड त्यानं दिलेलं असेल.